म्हशीच्या पोटातला पडसाद

आष्टीत कुणाला काही अडलं, तर त्यानं आपल्याकडेच यावं, अशी महादेवराव मास्तरांची रास्त अपेक्षा होती. शाळेत विज्ञान तेच शिकवत. ग्रहण का लागतं, रेडिओ का खरखरतो, सारं गाव त्यांनाच विचारी. पण सत्तावन्न साली ढोरांचे डॉक्टर वासुदेवराव बदलून आले आणि गावानं तोंड फिरवलं. गावाचं एक ठीक; घरच्या मनकर्णाबाईनंही!

"डॉक्टर म्हणे, आपली म्हैस आठ-पंधरा दिवसांत विते."

"तो काय पोटात जाऊन आला?"

"नुसता हात फिरवून सांगतलं! लय हुशार मानूस. आन बोलनं किती गोड!"

ते 'गोड' महादेवरावांना कारल्यासारखं लागलं.

"म्हैस गाभण नाईच!" ते गरजले. "सरकी खाऊन वारा धरला तिनं. मी विज्ञानानं सिद्ध करतो!"

त्यांनी इंग्रजी मासिकात वाचलं होतं. विलायतेत डॉक्टर म्हणे माणसाच्या पोटात आवाज सोडतात. आत काही आडवं आलं की पडसाद माघारी येतो. जितका उशिरा, तितकी वस्तू खोल. विहिरीत हाक मारावी तसं! शाळेतला नादकाटा, म्हणजे ठोकला की घुमणारा तो दोन पायांचा चिमटा, त्यांच्या ताब्यात होताच. पडसाद टिपायला पितळी नरसाळं घेतलं.

रविवारी अंगणात आळी जमली. तानबा न्हाव्यानं म्हशीची कूस भादरायला घेतली.

"गुर्जी, कल्ले ठेवू का?"

"साफ कर!"

मग जवसाचं तेल आलं. मनकर्णाबाई कळवळली, "अवो, एवढं तेल काऊन?"

"काट्यात आन कातडीत केसाएवढी हवा राह्यली तं आवाज आत जातच नाई, वरूनच फिरते!"

हवा राहू नये म्हणून मास्तरांनी मानेपासून शेपटीपर्यंत तेल चोपडलं. म्हैस नव्या बुटासारखी चकाकू लागली. मग काटा ठोकून कुशीवर टेकवला, नरसाळं कानाला लावलं.

"ऐका! गुडगुड होऊन राह्यली! वारा! निव्वळ वारा!"

"मले तं काई नाई आलं ऐकू," शेजारचा कवडू म्हणाला.

"थांब!" मास्तरांनी काटा दुप्पट जोरानं ठोकला आणि टेकवला.

म्हैस उधळली! दावं तुटलं. कवडूनं तिला मिठी मारली, तो साबणाच्या वडीसारखा सुळकन् खाली. तानबानं शेपूट धरलं, हाती फक्त तेल आलं! मिरचीचे ढीग तुडवत, निम्म्या बाजाराला शिंकायला लावत ती थेट डॉक्टरांच्या अंगणात शिरली आणि तिथंच बसली.

महादेवराव नरसाळ्यासकट धापा टाकत पोचले, तेव्हा डॉक्टर बाह्या सरसावून उठत होते.

"अभिनंदन, गुरुजी! वगार झाली!"

वगार म्हणजे म्हशीची लेक. ती मास्तरांकडं टकमक पाहत होती. वाऱ्याला चार पाय फुटले होते!

हकिकत ऐकून डॉक्टर हसले नाहीत, हेच वाईट. "तत्त्व बरोबर आहे, गुरुजी. तो लेख मीही वाचलाय. पण त्या यंत्राचा आवाज कानाला ऐकूच येत नाही, इतका तो उंच. त्याची लहर तांदळाच्या दाण्याहून बारीक, म्हणून तिला आतलं बारीकसारीक सापडतं. तुमच्या काट्याची लहर अंगात वीस फूट लांब. म्हैस आठ फुटांची. लहरीला म्हैसच दिसली नाही!"

चूक निघाली त्याचं दुःख नव्हतं. मेल्यानं तेच मासिक वाचावं! आणि मागून धावत आलेली मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून ती 'लहर' ऐकत होती. मास्तर घरी ध्वनी समजावत, तेव्हा ही तांदळातले खडे वेचायची!

दुसऱ्या दिवसापासून मास्तर दिसले की म्हैस थरथरे. कुणालाही कासेला हात लावू देईना, फक्त डॉक्टरांना. आता डॉक्टर सकाळ-संध्याकाळ धार काढायला येतात.

"अवो, तुम्ही आत जा!" मनकर्णाबाई ओरडते. "तुमाले पाहून म्हैस पान्हा चोरते. आन डॉक्टरचा चहा ठेवजा!"

महादेवराव चहा ठेवतात. साखर मुद्दाम चिमूटभरच टाकतात.

परवा डॉक्टर घोट घेऊन म्हणाले, "वा, गुरुजी! मला असाच आवडतो. तुम्हाला कसं बरं कळलं?"