गोरख पळायला गेला

"पस्तीस वर्षं सायकल हाणलीय. ह्यो दम वाया जाणार हाय का?" असं बायकोला, साळुबाईला सांगून निरगुडसरचा गोरख अठ्ठावन्नाव्या वर्षी पळायला निघाला. सायकलवर टपाल वाटण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. शाळेत असताना मात्र तो पळण्यात तालुक्यात पहिला आलेला. साळुबाईचं म्हणणं, पहिल्या दिवशी मारुतीपर्यंतच जाऊन या. गोरखला तो अपमान वाटला.

कालव्याच्या रस्त्याने तो पळत सुटला, आणि दम काही लागेना. मारुती मागे पडला, पुढची वस्ती मागे पडली, पाच किलोमीटर झाले. छाती पस्तीस वर्षांची कसलेली होती; पाय मात्र इतकी वर्षं नुसते गोल फिरलेले, जमिनीचा दणका त्यांना ठाऊकच नव्हता. परत फिरायला म्हणून तो थांबला, आणि दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की रस्त्याकडेला आडवाच झाला.

गावातल्या सुदर्शनची पिकअप झेंडू भरून बाजाराला चालली होती. गोरखचे गुडघे वाकेनात, त्यामुळे पुढे बसवणं जमेना. सुदर्शनने त्याला मागे फुलांवर निजवलं, उन्हासाठी तोंडावर पंचा टाकला आणि दणके बसू नयेत म्हणून गाडी अगदी सावकाश हाकली.

चावडीपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. एकाने टोपी काढली.

"कधी गेला रं गोरखभाऊ?"

"सहालाच गेला व्हता," सुदर्शन म्हणाला आणि पुढे निघाला. पंच्याखाली गोरखने ऐकलं, पण पोटऱ्या ओरडत असताना खुलासा कोण करणार?

तो घरी खाटेवर पडेपर्यंत फोन पिंपळवंडीला पोचला होता. तिथे त्याची थोरली बहीण, बयाबाई. गोरखच्या लेकीच्या लग्नपत्रिकेत तिचं नाव राहून गेलं, तेव्हापासून पाच वर्षं तिने भावाच्या दारात पाय ठेवला नव्हता. गोरख दोनदा जाऊन आला, पण तिने दारातूनच परत पाठवलं होतं.

दहा वाजता अंगणातून तिचा हंबरडा ऐकू आला. ती उंबऱ्यात आली तेव्हा साळुबाई गोरखच्या पायांना तेल चोळत होती. बयाबाईचा आवाज गळ्यातच थांबला. गोरख पाया पडायला उठू लागला, पण पाय उठेनात.

बयाबाई पुढे आली. मग खाटेवर बसली, पदराने डोळे पुसले आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

"पत्रिकेचं मीच लई मनाला लावून घेतलं रं," ती म्हणाली.

साळुबाई चहा टाकायला उठली, तशी बयाबाईने पिशवीतलं फडकं काढलं. तुमच्या घरी आज चूल पेटणार नाही म्हणून पिठलं-भाकरी बांधून आणलीय, असं तिने ओशाळून सांगितलं. मयताच्या घरी न्यायचा तो कडू घास होता.

तिघं जेवायला बसली. पाच किलोमीटर पळालेल्या गोरखने स्वतःच्या सुतकाची तिसरी भाकर मागून घेतली, आणि वर कांदा आहे का, तेही विचारलं.