आवाज नसलेलं इंजिन

वाघमारेकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्या छातीला स्क्रू-ड्रायव्हर लावला. धाक म्हणून नव्हे, तपासणी म्हणून. हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. टोक माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी, मूठ त्यांच्या कानामागच्या हाडाशी आणि डोळे मिटलेले. निगडी प्राधिकरणातल्या त्या सोसायटीत मी नुकताच राहायला आलो होतो आणि पाणी किती वाजता सोडतात, एवढंच विचारायला त्यांच्या दारात गेलो होतो.

"आता नाव सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी क्षणभर ऐकलं, मूठ खाली घेतली आणि निकाल दिला. "टॅपेट वाजतायत. चहा कमी करा."

टॅपेट हा इंजिनातला एक भाग, सैल झाला की टकटक वाजतो, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मी वर येऊन बायकोला सांगितलं की तळमजल्यावर एक वेडा राहतो. ती म्हणाली, "बरं झालं, आता तिसऱ्या मजल्यावरचा त्याला सोबत झाला."

काकांनी तीस-बत्तीस वर्षं एका इंजिनाच्या कारखान्यात टेस्टिंगला काढली होती. तयार झालेलं प्रत्येक इंजिन त्यांच्यापुढे येऊन धडधडायचं आणि काका त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकायचे. पास झालं तर अंगावर खडूनं बरोबरची खूण. निवृत्तीनंतर इंजिनं गेली. खडू आणि स्क्रू-ड्रायव्हर राहिले. सोसायटीचा पंप, लिफ्टची मोटर, बायकांचे मिक्सर, उन्हाळ्यात कलिंगडं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आमच्या फ्रिजवरची खडूची खूण बायको अजून पुसू देत नाही. नापास हा शब्द मात्र त्यांच्याकडे नव्हता. "रिजेक्ट म्हणू नये," ते म्हणायचे. "रिवर्क म्हणावं." मला त्यांनी पहिल्या दिवसापासून रिवर्कमध्ये ठेवलं होतं.

त्यांच्या आणखी दोन तऱ्हा होत्या. फोन उचलायचे नाहीत. "फोनवर माणसाचं काही कळत नाही. समोर या, तोंड दाखवा." आणि शेजारून चालताना कोणी बोलायला लागलं की थांबायचे, त्याचे खांदे धरून त्याला स्वतःकडे फिरवायचे आणि मगच "हं, बोला" म्हणायचे. अनुभवी माणसाचा तोरा, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो होतो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी मनीषा नवऱ्याबरोबर मारुंजीला राहायची, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करायची. बाप फोन उचलत नाही म्हणून ती मला करायची. "बाबांना सांगाल का, रविवारी येते म्हणून?" मग मी तळमजल्यावर जाऊन, तोंड दाखवून, सांगायचो.

आता माझा पराक्रम. मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी खात्यात आहे. कंपनीसाठी मी साधा वॉशरसुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेत नाही. स्वतःसाठी मात्र मी बॉनेट न उघडता गाडी घेतली. तीही कसली, तर दोन सीटची, बिनटपाची, लांब नाकाची, माझ्याहून वयानं मोठी विलायती स्पोर्ट्स कार. तळेगावच्या एका बंगल्यामागच्या शेडमध्ये ती उभी होती. शाळेत असताना अशा गाडीचं चित्र मी वहीच्या कव्हरवर चिकटवलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी पाघळलो. मालक म्हणाला, बॅटरी उतरलीय. मी मान डोलावली. टेम्पोत घालून गाडी सोसायटीत आणली, अर्धी सोसायटी गोळा केली आणि बॉनेट उघडलं. आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. इंजिन नव्हतं.

सगळे इतके हसले की कोंबडीसुद्धा बावरली. फक्त काका हसले नाहीत. रिकाम्या पोकळीत वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं, बोटांनी मापं घेतली आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला. "रिवर्क," ते म्हणाले. "आपण बसवू."

बायकोनं मुदत दिली. खंडेनवमीपर्यंत गाडी स्वतःच्या पायांनी हलली पाहिजे. नाही तर कुदळवाडीच्या भंगारात. कोंबडी तिनं वॉचमनच्या बायकोला दिली.

मग रविवारमागून रविवार मी आणि काका इंजिन शोधत हिंडलो. आमच्याबरोबर भोसरीचे जालिंदर मिस्त्री, जुन्या गावठाणातले, वाडवडिलांची शेती कारखान्याखाली गेलेली आणि स्वतः कारखान्यांच्या गाड्यांखाली पडलेले. त्यांनी पहिलं दाखवलं ते जीपचं डिझेल इंजिन. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "तब्येत छान आहे. पण हे त्या गाडीत घालणं म्हणजे पाळण्यात पैलवान निजवणं." कोणी सुचवलं की बॅटरीवर करा. काका त्याच्याकडे बघून फक्त "मिक्सर" म्हणाले आणि पुढे चालू लागले.

दुसरं होतं अलीकडच्या एका छोट्या गाडीचं पेट्रोल इंजिन. अपघातात मागून चेपलेली गाडी, इंजिन नव्यासारखं. जालिंदरनी चालू करून दाखवलं. काय सांगू, इतकं मऊ की वर ठेवलेल्या कपातला चहा हलला नाही. मी लगेच प्रेमात. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, काढला, पुन्हा लावला.

"ह्याला आवाजच नाही," ते म्हणाले.

"तेच तर चांगलं आहे ना, काका?"

"आवाज नाही म्हणजे ते काय म्हणतंय ते कळणार नाही. न बोलणाऱ्या माणसाबरोबर राहून बघा."

तिसरं कुदळवाडीत मिळालं. कारखान्यात काकांच्या हाताखालून जायची त्याच जातीचं जुनं पेट्रोल इंजिन, बरीच वर्षं एका मंगल कार्यालयाचा जनरेटर फिरवून दमलेलं. चालू केलं तर आजूबाजूचे पत्रे वाजायला लागले. काकांनी स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लावला नाही. नुसता तळवा टेकला आणि डोळे मिटून उभे राहिले. नंतर वाटेत त्यांनी मला खंडेनवमीच्या गोष्टी सांगितल्या. त्या दिवशी कारखान्यात घरच्यांना येऊ द्यायचे. "पूजाबिजा मी करत नव्हतो. पण मशीन आरशासारखं पुसायचो. मनीषा एवढीशी. कंपनीनं दिलेले बोळे तिच्या कानात घालायचो आणि तिला इंजिनासमोर उभी करायचो. हसायची नुसती."

"आणि तुमच्या कानात?"

"मी बोळे घातले तर इंजिनाचं कोण ऐकणार?"

काकांचा कौल अर्थातच त्या तिसऱ्याला होता. मी मात्र विचार केला, म्हातारा जुन्या आठवणींवर मतदान करतोय. खरेदी खात्याचा माणूस मी, माझंही काही मत आहे. सोसायटीतली माणसं तक्रार करतील, बायको तर घराबाहेरच काढेल. काकांना न विचारता मी ते मऊ इंजिन घेतलं आणि जालिंदरकडून बसवूनही टाकलं. चालू झाल्यावर काका विरघळतील, अशी माझी अटकळ.

खंडेनवमीला दोन आठवडे होते. जालिंदरनी बॉनेट लावलं, गाडी चालू केली आणि मी काकांना बोलावून आणलं. ते आले, चार पावलांवर उभे राहिले, हात मागे बांधले. चिडले नाहीत. उलट समजूतदारपणे म्हणाले, "बसवलंत वाटतं. बरं. मारा आता स्टार्टर."

मी जालिंदरकडे पाहिलं. जालिंदरनी माझ्याकडे.

"आवो काका, चालूच हाय की गाडी," जालिंदर त्यांच्या पाठीमागून म्हणाले.

काकांनी मान वळवली नाही. ते बॉनेटकडे बघत होते, लग्नात नवरी कधी बाहेर येते म्हणून बघतात तसे. "मारा ना," ते पुन्हा म्हणाले.

फोन, खांदे धरून फिरवणं, कानामागचं हाड, "आता नाव सांगा", सगळं माझ्या डोक्यात एकदम एका माळेत आलं. मी वाकून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. मग त्यांच्यासमोर नीट तोंड करून म्हणालो, "चालू होत नाहीये आज. रिवर्क आहे, काका."

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्यात. पण ही सगळ्यात कच्ची निघाली. काका दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. बॉनेट गरम होतं.



"कंपनीत होतो तेव्हाच ऐकणं उतरायला लागलं होतं," ते हात न काढता म्हणाले. "शेवटची दोन-तीन वर्षं हाताला जे कळायचं त्यावरच पास केली इंजिनं. एकही परत नाही आलं, हे खरं. आता मोठा आवाज असेल तर हाडातून थोडं येतं. बाकी तोंडं वाचतो."

"मनीषाला सांगूया. मशीन मिळतं कानाचं."

"मशीन लावून बघितलं. भांडी पडल्यासारखं होतं नुसतं. आणि तिला कळलं तर ती मला मारुंजीला नेईल. अकरावा मजला. लिफ्ट सोडली तर तिथं ओळखीचं मशीन नाही." मग बॉनेटकडे बघत म्हणाले, "कानाचं रिजेक्टच आहे, राव."

रिजेक्ट म्हणू नये, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती.

दुसऱ्या दिवशी मी जालिंदरना ते मऊ इंजिन काढायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, "व्हय, ते बोलतच न्हाई. आन् मी कुणापाशी काय बोलणार न्हाई." मंगल कार्यालयातलं थकलेलं इंजिन आलं. ते बसवायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. जालिंदर त्यांच्या हाताखाली आणि मी जालिंदरच्या हाताखाली, म्हणजे चहा आणायला. ऐन खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी ते चालू केलं. पार्किंगच्या भिंती हादरल्या, तिसऱ्या मजल्यावर माझी बायको बाल्कनीत आली आणि काहीतरी म्हणाली. सुदैवानं ऐकू आलं नाही. बॉनेटवर खडूनं बरोबरची खूण झाली.

मग आम्ही निघालो. बिनटपाच्या त्या गाडीत प्राधिकरणाच्या रस्त्यांवरून जाताना लोक वळून बघत होते, आवाजामुळे म्हणा किंवा दयेनं म्हणा. काका शेजारी बसून सारखं बोलत होते. मला एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी मी गाडी बाजूला घेतली, त्यांच्याकडे वळलो आणि विचारलं, "काय म्हणालात?" तेव्हा ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्या गाडीत आम्ही दोघं सारखेच बहिरे होतो, आणि एवढी वर्षं त्यांनी ओठांतच अडवलेलं "काय म्हणालात" पहिल्यांदा दुसऱ्या कोणीतरी म्हटलं होतं.

"उद्या मनीषा येते," ते म्हणाले. दसऱ्याला, धम्मचक्राच्या दिवशी, ती दरवर्षी येते आणि बापासाठी खीर करते. "तिला मीच सांगतो. आधी गाडीत बसवतो, मग सांगतो. कानात बोळे घालून."

"नेलं तर मारुंजीला?"

"तर तुम्ही रविवारी ही घेऊन या. अकराव्या मजल्यावरसुद्धा कळेल मला."

इंजिन चालूच होतं. त्यांनी सीटखालून स्क्रू-ड्रायव्हर काढला, मूठ कानामागे धरली, टोक माझ्या छातीला लावलं आणि डोळे मिटले. ह्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

मी माझं नाव सांगितलं.