अकरा किलोची खबरदारी

मला फक्त एक पंप घ्यायचा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकून लोक मला हौशी समजतात. मी हौशी नाही, घाबरट आहे.

चाकणच्या एका कारखान्यात गेली बावीस वर्षं मी तपासणी विभागात आहे. आमच्याकडे नवी वस्तू बनवण्याआधी एक तक्ता भरतात. एखादी गोष्ट बिघडायची शक्यता किती, बिघडलं तर नुकसान किती, आणि ते आधी कळेल का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि उत्तर शंभराच्या वर गेलं की उपाय लिहायचा. साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, मी माउंटन बाइक आणली आणि पंप घ्यायच्या आधी तिचाही तक्ता भरायला बसलो.

पंक्चर: तीनशे वीस. चेन तुटणे: दोनशे दहा. कुत्रं मागे लागणे: पाचशे चार. (आमच्या चऱ्होलीच्या मानाने हा आकडा कमीच आहे.)

सात आठवड्यांत जमलेलं सामान असं: पंप, जादा ट्यूब, टायर उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, पान्यांचा घडीचा संच, पुढचा दिवा, मागचा दिवा, दोन्ही बंद पडले तर कपाळावर बांधायचा दिवा, आरसा, घंटी, घंटी कोणाला ऐकू गेली नाही तर शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, रेनकोट, पॉवर बँक आणि कुलपासकट साखळी. हे ठेवायला चार पिशव्या. वजन अकरा किलो चारशे ग्रॅम.

"आणि सायकल चालली किती?" आमच्या सौ. वर्षालीनं विचारलं.

मी डायरी पाहिली. "चार किलोमीटर दोनशे मीटर."

"कुठं गेला होतात?"

"आरसा आणायला."

तिनं डायरी माझ्या हातातून घेऊन मिटली. संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं निकाल दिला. "रविवारी राजगुरुनगरला आबांकडे जायचंय. मी स्कूटरनं जाते, तुम्ही सायकलनं या. दुपारी एकच्या आत. आणि वाटेतून कोणाला फोन करून बोलवायचं नाही. नाही जमलं तर सायकल सनीला देऊन टाकायची."

आबा म्हणजे माझे सासरे, आणि सनी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सायकल झाडाला टेकवून विसरून येईल असा माणूस.

कामावरून आलो की मी रोज त्या सायकलीचे सगळे नट हाताने चाचपून बघायचो. लग्नाचा सूट सासऱ्यांनी निवडला, फ्लॅट थोरल्या मेव्हण्यानं आणि चष्मा वर्षालीनं. कोणालाही न विचारता मी घेतलेली ही पहिली वस्तू होती.

रविवारी सहाला निघायचं ठरलं होतं. सात पन्नासला निघालो, कारण चार वेळा लिफ्टने परत वर गेलो. (एकदा शिट्टी वाजते का हे बघायला. वाजली. खालच्या मजल्यावरच्या तनुजाताईंनी त्याबद्दल आपलं मत सांगितलं.) अठ्ठावीस किलोमीटरचा रस्ता. आळंदीपर्यंत कुत्री भेटली नाहीत, त्यामुळे ती पुढे कुठेतरी एकत्र जमली असणार अशी धास्ती वाटत राहिली. चाकणच्या चौकात गाड्या भरलेले लांबलचक ट्रेलर दोन्ही बाजूंनी निघाले. मी उतरलो आणि सायकल हाताने ढकलत चौक ओलांडला. त्याला सतरा मिनिटं लागली.

चाकण मागे पडलं, जरा जिवात जीव आला आणि एका खड्ड्यात मागचं चाक आदळलं. फुस्स. अकरा वाजून दहा मिनिटं.

मी उतरलो, वाकलो, चाक तपासलं. अंगठ्याने दाब दिला. निदान बिनचूक होतं: पंक्चर. मग सवयीनं माझा हात शर्टाच्या खिशात गेला. कंपनीत खराब माल सापडला की त्याला लाल टॅग लावायचा असतो, आणि दोनचार टॅग माझ्या खिशात कायम असतात. मी टॅगवर तारीख, वेळ आणि दोष लिहिला, सही केली आणि तो चाकाला बांधला.

त्यानंतर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत त्यानंतर नेहमी दुसरंच कोणीतरी येतं.

कोणी आलं नाही. मग आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे मी कारण शोधायला बसलो. पाच वेळा 'का' विचारायचं. पंक्चर का झालं? ट्यूब चिमटली. का चिमटली? वजन जास्त. का जास्त? सामान जास्त. सामान का घेतलं? पंक्चरच्या भीतीनं. पाचवा 'का' मी विचारला नाही.

समोरच्या रसवंतीतून एक म्हातारी बाई केव्हापासून बघत होती. शेवटी ती पदर खोचत आलीच.

"काय झालंय वो पाव्हणं?"

"पंक्चर."

"ते दिसतंय. ह्ये लाल काय बांधलंय? दृष्ट लागू नये म्हनून?"

"तो टॅग आहे. म्हणजे हा माल वापरायचा नाही."

"आन मग फुडं काय खांद्यावर नेनार?" तिनं पिशव्यांकडे पाहिलं. "ट्यूब न्हाई का तुमच्याकडं?"

"आहे. पंप आहे, पट्ट्या आहेत, पाने आहेत."

"मग बसवा की."

"मावशी, मी तपासणीत आहे. बसवणारे वेगळे असतात."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनीही इतकं निरखून मला कधी पाहिलेलं नाही. मग ती मातीत फतकल मारून बसली. अंबुबाई तिचं नाव, नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं, वीस वर्षं तीच पंक्चर काढायची. तिनं हात पुढे केला. मी पट्ट्या दिल्या. त्यांचं प्लास्टिकचं पाकीट मी उघडलेलंच नव्हतं, आणि ते उघडायला कात्री लागत होती. सगळ्या सामानात तेवढी कात्री नव्हती. ती प्रथमोपचाराच्या पेटीत असते म्हणावं, तर ती पेटीही पाकिटात होती.

"ऱ्हाऊ द्या," म्हणून अंबुबाईनं रसवंतीतून दोन चमचे आणले आणि त्यांच्या दांड्यांनी टायर उचकटला. चाक बसवून होईपर्यंत मी पंधरा मिनिटं बाजूला उभा होतो. काम अव्वल झालं. मी ते तपासलं.

"ठीक आहे का सायेब?" तिनं विचारलं.

"पास," मी म्हणालो. (मी तिला बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली होती. हा मुद्दा मी डायरीत वेळेसकट लिहून घेतला.)

उरलेलं अंतर मी जीव मुठीत धरून, प्रत्येक खड्ड्याला उतरत पार केलं. बारा बावन्नला सासुरवाडीच्या अंगणात पोचलो. सायकल माझी होती.

ओटीवर माझे सासरे सोपानराव बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा पडला.

"आलं का," ते म्हणाले.

"आलो, आबा. सनी कुठं आहे? त्याला सांगा, सायकल मिळणार नाही."

सनी आतून बाहेर आला. "कुठली सायकल, दाजी?"

मी वर्षालीकडे पाहिलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि लग्नानंतर प्रथमच जरा ओशाळलेली दिसली.

"आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "वर्षभर सांगतेय, ऐकत नाहीत. शेवटी म्हणाले, तुझा नवरा सायकलवर इथपर्यंत आला तर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेईन."

"मी म्हनलं, याच्यापरीस खात्रीचं काय आसनार?" सोपानराव दुःखाने म्हणाले. "सात आठवडं सामानच आनत व्हता तुमी."

मी तांब्या तोंडाला लावला. छाती थोडी फुगलीच. म्हणजे एका माणसाची दृष्टी माझ्या सायकलवर अवलंबून होती, आणि वर्षालीला माझा भरवसा होता.

तेवढ्यात सोपानराव एकदम सावरून बसले. "पोरी, आता डबल लावतो. जावईबापू परत चऱ्होलीला सायकलीवर पोचलं, तर दोनी डोळ्यांचं करतो. न्हाई पोचलं, तर एकाचंबी न्हाई. बोल."

सगळे वर्षालीकडे बघू लागले. मी पाठ ताठ केली.

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. मग सायकलकडे पाहिलं, चारही पिशव्यांकडे पाहिलं.

"नको आबा," ती म्हणाली. "एकच डोळा पुरे."