डावखुऱ्या कात्रीची रीतसर सुटका

परदेशातून मागवलेली एक कात्री, वजन दोनशे दहा ग्रॅम, सतरा दिवस सीमाशुल्क खात्याच्या गोदामात अडकून पडली होती. तिच्यावर कसलाही आरोप नव्हता. ती कोणत्या रकान्यात बसते, एवढंच ठरत नव्हतं.

मागवली होती शिवणकाकूंनी. काकू जन्माच्या डावखुऱ्या आणि बाजारातल्या झाडून सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या. चाळीस वर्षं ती उलटी कात्री डाव्या हातात कोंबून कापड बेतता बेतता त्यांचा अंगठा सुजून टम्म झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "कात्री बदला, नाहीतर धंदा बदला." धंदा बदलायचं काकूंचं वयही नव्हतं आणि ऐपतही. मग भाचीने फोनवर शोधून परदेशातल्या एका दुकानातून खास डावखुऱ्यांची कात्री मागवून दिली.

"मावशी, चार दिवसांत घरपोच!" भाची म्हणाली होती. घरपोच आली ती नोटीस.

ती घेऊन काकू सीमाशुल्क कचेरीत गेल्या, तेव्हा तिथल्या मूल्यांकन साहेबांनी त्यांच्यासमोर दरांचा तक्ता उघडला. "बागेची कात्री आहे. न्हाव्याची आहे. शिंप्याची आहे. डावखुरी कुठेच नाही."

"अहो साहेब, ही शिंप्याचीच. फक्त धरायची डाव्या हातात."

"ते तुम्ही म्हणता. तक्त्यात नसलेली वस्तू 'इतर'मध्ये जाते, आणि 'इतर'ला किमतीच्या तिप्पट शुल्क."

काकूंचं तोंड उतरलं. साहेब मनाने वाईट नव्हते. नियमात बसेल तेवढी दया त्यांच्यापाशी होती. ते म्हणाले, "ही साधीच कात्री आहे असं सिद्ध झालं तर साधा दर लावता येईल. चाचणी घेऊ."

चाचणी तीन सदस्यांच्या समितीसमोर झाली. साहेबांनी कात्री उजव्या हातात धरून कोरा कागद कापायला घेतला. कागद दुमडला, चुरगळला, पात्यांत अडकला, पण कापला काही गेला नाही. उरलेल्या दोघांनीही आपापला उजवा हात आजमावून पाहिला. अहवाल झाला: 'सदर वस्तू कात्रीसारखी दिसते, परंतु कापत नाही. सबब ती कात्री नाही.'

"द्या इकडे, मी कापून दाखवते!" काकू पुढे सरसावल्या.

"अर्जदाराला चाचणी घेता येत नाही. हितसंबंध येतो. खात्याचाच माणूस हवा."

"मग खात्यातला एखादा डावखुरा बोलवा की!"

तसं परिपत्रक निघालं. चार मजले, दोनशे चाळीस कर्मचारी. डावखुरा एकही निघाला नाही. एका वयस्कर कारकुनाने मात्र काकूंना जिन्यात गाठलं. "बाई, मी आहे हो डावखुरा," तो इकडेतिकडे बघत पुटपुटला. "पण निवृत्तीला चार महिने राहिलेत. आता कबूल केलं तर विचारतील, तीस वर्षं ही माहिती खात्यापासून का लपवलीत?" काकूंना त्याचा राग आला नाही, कीवच आली.

आता प्रकरण हाताबाहेर गेलं. जी कात्री कापत नाही ती सदोष माल. सदोष माल म्हणजे भंगार. आणि भंगार आणायला परवाना लागतो. विनापरवाना भंगार आयात केल्याबद्दल काकूंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. तो लिहिताना अंगठा इतका ठणकला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नका, काकू," साहेबही गहिवरले. "मार्ग आहे. दोष काढला की माल निर्दोष. आमच्या कर्मशाळेत दुरुस्त करून घेऊ. खर्च खात्याचा!"

बुडत्याला काडीचा आधार. दुरुस्ती म्हणजे नेमकं काय, हे न विचारताच काकूंनी सही केली.

तिसऱ्या दिवशी कर्मशाळेने पाती उलटी बसवून, नवी धार काढून कात्री परत पाठवली. साहेबांनी ती उजव्या हातात घेतली आणि कागद सरसर कापला गेला. समितीने टाळ्या वाजवल्या. साधी कात्री, साधा दर, शिक्का, पावती. साहेब काकूंना दारापर्यंत पोचवायला आले. "बघा, लोक उगाच खात्याला नावं ठेवतात."

घरी येऊन काकूंनी कात्री डाव्या हातात धरली. कापड दुमडलं, चुरगळलं, पात्यांत अडकलं; नेहमीसारखा अंगठा रेटला तेव्हा कुठे कापलं गेलं. अशा कात्र्या त्यांच्याकडे आधीच तीन होत्या.

शेजारीण आपल्या दीड वर्षाच्या लेकीला समोर बसवून खाऊ घालत होती. सगळी हकीकत ऐकून तिचा संताप संताप झाला. "काय मेली माणसं! चांगली धडधाकट वस्तू. जशी घडलीय तशी चालू द्यायची सोडून तिचं वाटोळं केलं! यांना कुणी विचारणारं आहे की नाही?" बोलता बोलता, आपण सगळेच करतो तसं, तिने न बघताच लेकीच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्या हातात दिला आणि डाव्या हातावर एक हलकीशी चापट मारली.

काकू अंगठा चोळत त्या पोरीकडे बघत राहिल्या.

"खात्यानं निदान पावती तरी दिली," त्या म्हणाल्या.