ललितचं गिफ्ट कार्ड

पारोळ्यात कुणाचाही मोबाइल रुसला, की लोक डॉक्टरकडे धावावं तसे माझ्या दुकानाकडे धावतात. मग रुसलेल्या बहिणीला अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आणणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

बहीण हेमांगी, दिलीय धुळ्याला. दर अखाजीला मुराळी होऊन तिला आणायला जायचा आमचा धाकटा ललित. नरडाण्याच्या कंपनीतून सुटी काढायचा, एसटी चुकवायचा, उशिरा पोचायचा. पण हातात काहीतरी भेट असायचीच. यंदा थंडीत मोटरसायकलवरून घरी यायला निघाला आणि आलाच नाही; आली ती अपघाताची बातमी. मी हेमांगीला फोन केला तर म्हणाली, "तू येवू नको, भाऊ. ललित नही ते अखाजी नही."

गेलेल्या ललितच्या नावाची पाण्याची पहिली घागर भरायची आणि लेक घरात नाही! माय नुसती दाराकडे बघत बसलेली. मला ते बघवेना.

तेवढ्यात मला सुचलं. ललितचा फोन माझ्याकडेच होता आणि त्यात त्याची क्रिप्टो होती, पगारातून थोडी थोडी घेतलेली. ती देऊन गिफ्ट कार्ड मिळतं, अशी साइट मला ठाऊक! साडीच्या दुकानाचं कार्ड निवडलं, हेमांगीचा नंबर टाकला. साइटनं विचारलं, 'थोडी की सगळी?' तुकडे पाडत बसायला वेळ कुणाला! दाबलं 'सगळी'.

लगेच तिच्या नवऱ्याचा, योगेंद्ररावांचा फोन.

"नवलभाऊ, घात झाला! हिच्या मोबाइलवर मेसेज आलाय. 'ललितने तुम्हाला भेट पाठवली आहे!' वर फुगे उडतायत!"

खातं ललितचं, मग नाव माझं कसं येईल!

"आमच्या आईनं मोबाइलवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, तर तो आमरसात पडला! ललितचा फोन चोराच्या हाती लागलाय बहुतेक. पोलिसांत जाऊ?"

"नको, नको! हेमांगी कुठंय?"

"तेच तर! मोबाइल पुसला आणि थेट बसस्टँडवर गेली."

दुपारी ती दारात उभी. माय घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवत होती.

"माय, ललितनी माले बलावं," हेमांगी म्हणाली आणि मायच्या गळ्यात पडली. दोघी हंबरडा फोडून रडल्या. मला राहवेना.

"हेमा, ते मी धाडं व्हतं."

"माले माहीत शे, भाऊ." तिनं डोळे पुसले. "ललित कधी येळवर उना का?"

वेळेवर आलेला ललित! आम्ही तिघं हसलो, आणि हसता हसता पुन्हा रडलो.

जेवणं झाल्यावर ती हळूच जवळ आली. "भाऊ, पुढला अखाजीले बी धाडशी? त्याना नाववरच. चार आनानं बी चाली."

"धाडसू," मी म्हणालो. मागच्या दारी जाऊन ललितचा फोन उघडला. शिल्लक शून्य!

मोबाइलच्या डॉक्टरनं सगळा ललित एकाच बटणात खर्चून टाकला होता.