तीनशे ऐंशी ग्रॅमचा न्याय

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एका किटलीबद्दल तक्रार आली. किटली ठणठणीत पोहोचली होती, गळत नव्हती, रंगही फोटोतल्यासारखाच होता. तक्रार टपालखर्चाची होती. ग्राहकाने साठ रुपये भरले होते आणि खोक्यावरच्या शिक्क्यात आकडा होता बेचाळीसचा. मधल्या अठरांचं काय केलंत, असं त्याने विचारलं होतं.

मधल्या अठरांत खोका, चिकटपट्टी आणि टपाल कचेरीपर्यंतचं बसचं तिकीट होतं. मातीच्या किटल्या घडवून ऑनलाइन विकणाऱ्या सुनेने तसं नम्रपणे कळवलं. बसमध्ये सीटवर किटली बसली होती की तुम्ही, असं ग्राहकाने उलट विचारलं. विक्रीच्या संकेतस्थळावर 'न्याय्य टपालखर्च कक्ष' नावाची एक शाखा होती. तिने त्याच दुपारी सुनेच्या खात्याच्या मानांकनातला एक तारा काढून घेतला.

तारा गेला की गिऱ्हाईक जातं, आणि गिऱ्हाईक गेलं की खोली जाणार होती. मागच्या खोलीत तिचं चाक होतं, भट्टी होती आणि फळीवर चाळीस किटल्या होत्या. महिनाअखेर फळी रिकामी झाली नाही, तर खोलीत दिराचं व्यायामाचं यंत्र येईल, असं घरात ठरलं होतं. दिराने यंत्राची जागा खडूने आखूनही ठेवली होती. चाक त्या चौकोनाच्या बरोब्बर मध्ये येत होतं.

प्रकरण सासऱ्यांनी हातात घेतलं. ते वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. ते बाजारात शिरले की भाजीवाले आजही तराजूखालचा चुंबक आधी काढून ठेवत. टपालखर्च म्हणजे परक्याचा पैसा, त्यात दमडीचा घोळ चालणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. खोका आणि चिकटपट्टी त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून आणली, टपाल कचेरीत ते चालत जाऊ लागले. तक्रारी थांबल्या.

तरी त्यांचं समाधान होईना. एकदा जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. टपालाचा दर टप्प्याने लागतो: अर्ध्या किलोपर्यंत एक, पुढे किलोपर्यंत दुसरा. खोक्यासकट किटली भरायची सहाशे वीस ग्रॅम. ग्राहक पैसे भरत होता पूर्ण किलोचे.

"तीनशे ऐंशी ग्रॅमचे पैसे आपण घेतले, सूनबाई, आणि पाठवलं काहीच नाही."

"बाबा, ती नुसती हवा आहे."

"मग ती हवा कोणी खाल्ली?"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खोक्यात अंगणातली तीनशे ऐंशी ग्रॅम माती पिशवीत बांधून जाऊ लागली. पिशवीवर चिठ्ठी असे: 'आपण पैसे भरलेले परंतु न वापरलेले वजन. कृपया मोजून घ्यावे.'

सून शिव्यांची वाट पाहत बसली. आले ते अभिप्राय. एकाने लिहिलं, किटली ठीकठाक, माती मोफत, पाच तारे. दुसऱ्याने लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा विक्रेत्याने माझं वजन ओळखलं. फळीवर मोकळी जागा दिसू लागली आणि दिराचा चेहरा उतरला.

मग एका किटलीचं झाकण जरा जाड निघालं. ती घेणाऱ्या बाईंना माती गेली तीनशे बावन्न ग्रॅम. त्यांच्या शेजारणीला तीनशे ऐंशी मिळाली होती. अठ्ठावीस ग्रॅमच्या या अन्यायाबद्दल कक्षाने खुलासा मागवला. सासऱ्यांनी चार पानी खुलासा पाठवला, की उरलेलं वजन झाकणाच्या रूपाने दिलेलं आहे. बाईंनी कळवलं, झाकण मी मागितलंच नव्हतं.

तेव्हा ग्राहकांना निवड देण्यात आली: झाकणासह कमी माती किंवा झाकणाशिवाय जास्त. लोकांनी झाकण सोडलं. नंतर मूठ सोडली. काहींनी चोचही सोडली. शेवटी एका गृहस्थाने स्वच्छ विचारलं, की किटलीची भानगड हवीच कशाला? पूर्ण किलो माती पाठवा, किटलीची किंमत आणि टपालखर्च दोन्ही भरतो.

भरलेल्या वजनातला प्रत्येक ग्रॅम ग्राहकाच्या हाती, यापेक्षा न्याय्य व्यवहार होणे नाही, असं सासरे म्हणाले. कक्षाचंही तेच मत पडलं. तारा सन्मानाने परत मिळाला. त्याच आठवड्यात आधी गेलेल्या किटल्या परत येऊ लागल्या, कारण परतीचा टपालखर्च मोफत होता. सोबत चिठ्ठ्या होत्या: 'माती ठेवून घेतली आहे.' फळी पुन्हा गच्च भरली.

अंगणाचा एव्हाना खड्डा झाला होता. एका पिशवीतून मुंगी निघाली. मुंगीचं वजन जाहीर केलेलं नाही, अशी तक्रार झाली आणि कक्षाने चाळलेली, निर्जीव मातीच पाठवण्याचा आदेश काढला. घरात चाळलेली माती फक्त चाकाशेजारच्या पोत्यांत होती.

"बाबा, यातून मला किटल्या करायच्यात."

"किटली याच मातीची होते ना?"

"याच."

"मग मधले कष्ट वाचले."

पोती संपली. मागण्या संपेनात. मागणी पुरी झाली नाही तर खातं बंद, असा कक्षाचा नियम होता, आणि घरात माती आता एकाच रूपात उरली होती: फळीवरच्या चाळीस किटल्या. सासऱ्यांनी त्यातली एक तराजूत ठेवून पाहिली. दीर हातोडा घेऊन आला. त्याचा सूर फार मायेचा होता.

"वहिनी, फळी रिकामी होईल, तुझा तारा राहील, माझाही व्यायाम होईल. यात वाईट कोणाचं होतंय, सांग बरं."

सुनेने किटली तराजूतून उचलून घेतली. तिने संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. एका माणसाने नुसती किटली, झाकण-मुठीसकट, टपालखर्च जेवढा पडतो तेवढा भरून घेतली, तरी हातोडा परत जाईल. नाही घेतली, तर फोडायला ती स्वतः देईल. सासरे न्यायी गृहस्थ. त्यांनी मुदत दिली. तिने किटलीचा फोटो काढला, किंमत लिहिली, टपालखर्च वेगळ्या ओळीत लिहिला आणि खाली स्पष्ट केलं, की सोबत काहीही मोफत नाही.

पाच वाजेपर्यंत ते पान नऊशे जणांनी उघडलं. किटली सुंदर असल्याचं बऱ्याच जणांनी कळवलं. सगळे टपालखर्चाच्या ओळीपर्यंत आले आणि तिथून मागे फिरले. एकाने तेवढं विचारलं, की हल्ली टपालाचेही पैसे घेता का.

साडेपाचला एका ग्राहकाने किटली संकेतस्थळावरच्या खरेदीच्या टोपलीत टाकली आहे. पैसे अजून भरलेले नाहीत. तो दुसऱ्या खिडकीत तशीच किटली शोधतो आहे, दीडपट किमतीची, पण टपालखर्च मोफत असलेली. त्याचं नाव उघड करण्याची कक्षाची परवानगी नाही. तुमचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. दीर दाराशी उभा आहे.