सीझियम, टेक्नेशियम आणि अहो

"मूलद्रव्य काय, कुणीही ओळखेल! मी त्याची भावंडं ओळखते!" ताई छातीठोकपणे सांगायची.

भावंडं म्हणजे समस्थानिकं. नाव एक, तोंडवळा एक, वजनं मात्र वेगळी. काही गरीब गाय, तर काही किरणं फेकणारी आगलावी. भंगार वितळवणाऱ्या कारखान्यात ताई हातातलं यंत्र ढिगावर धरायची आणि आत आगलावं दडलेलं असलं तर त्याचं नेमकं नाव सांगायची. इतकं करून अजून हंगामीच! आज मात्र बाहेरून परीक्षक आले होते. त्यांचा नमुना ओळखला तर नोकरी कायम, चुकला तर घरी.

परीक्षकांनी शिशाची डबी उघडून टेबलावर ठेवली. चेहरा असा, की हसायचं तर वरून मंजुरी आणावी लागेल. तेवढ्यात ताईचा नवरा डबा घेऊन आत आला आणि तिच्या मागच्या बाकावर टेकला.

"अहो, आत्ता?"

"विसरलीस ना घरी! चालू दे तुझं. मी नाहीच असं समज."

ताईने यंत्र धरलं. ते चिमटा काढलेल्या पोरासारखं किंचाळलं!

"टेक्नेशियम, वजन नव्याण्णव!" ताई म्हणाली.

"परत बघा," परीक्षक म्हणाले.

परत टेक्नेशियम. ताईने टेबल पुसलं, बॅटरी बदलली, शेजारी उभ्या मुकादमाला घड्याळ काढायला लावलं. टेक्नेशियम हटेना! काय गोंधळ आहे ते बघायला नवरा तिच्या खांद्याशी येऊन वाकला, तसं यंत्राने कारखाना डोक्यावर घेतला.

"बाई, विचार करून सांगा," परीक्षक म्हणाले. "शेवटची संधी."

ताईला घाम फुटला, पण जीभ मागे हटेना. "साहेब, यंत्र खोटं बोलत नाही! पण हे भंगारात यायचं कारणच नाही. दवाखान्यातला माल हा. हृदय तपासायला नसेत टोचतात आणि एकदोन दिवसांत विरून जातो. म्हणजे आज सकाळीच कुणाला तरी…"

ती थांबली. यंत्र हळूच मागे वळवलं. नवरा डब्याचं झाकण मन लावून पुसत होता.

"अहो, सकाळी कुठे गेला होता?"

"केस कापायला."

"कुठले?"

मुकादमाने नवऱ्याच्या टकलाकडे पाहिलं आणि खोकल्याचं निमित्त केलं.

"छातीत जरा धडधडत होतं गं," नवरा पुटपुटला. "आज तुझी परीक्षा. उगाच जिवाला घोर नको म्हणून बोललो नाही."

"आणि काय निघालं?"

"ठणठणीत! देवाशपथ!"

ताईने बोटाने फाटक दाखवलं. नवरा वजनकाटा ओलांडून पार रस्त्यावर जाऊन उभा राहिला. ताईने यंत्र पुन्हा डबीवर धरलं. या वेळी नाव लख्ख उमटलं.

"सीझियम, वजन एकशे सदतीस."

"बरोबर," परीक्षक म्हणाले. "आणि मी न आणलेलंही बरोबर. तुम्ही कायम!"

ताई आभार मानायचं विसरून फाटकाकडे धावली.

"झाले मी कायम! आता खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, हृदय उत्तम आहे. फक्त आठवडाभर बायकोने रागवायचं नाही."

"असं डॉक्टर म्हणाले?"

नवऱ्याने रस्त्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.